चिमणीच्या पाइपातले घरटे आणि आपली वॉरंटी

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: किचन चिमणी बसवताना पाइपाचे बाहेरचे तोंड उघडे ठेवल्याबद्दल

महोदय,

गेल्या दिवाळीच्या आधी आपल्या माणसांनी आमच्या कोथरूडच्या फ्लॅटमध्ये चिमणी बसवली. सहा इंची पाइप भिंतीतून ड्राय बाल्कनीत काढला आणि तोंड तसेच उघडे सोडले. "याला झाकण नाही का?" असे मी तिथेच विचारले. "लागत नाही काकू, हवा मोकळी जाते," असे उत्तर मिळाले. काउल कव्हर (पाइपाच्या बाहेरच्या तोंडाचे झाकण) बिलात लावले असते तर मी निमूट पैसे दिले असते.

एप्रिलमध्ये चिमणी ओढेनाशी झाली. मोटर घरघरते, पण फोडणीचा ठसका सगळ्या घरात. फिल्टर धुऊन झाले, फरक नाही. मग एका सकाळी पाइपातून चिवचिवाट सुरू झाला. बाल्कनीत उभे राहून पाहिले तर साळुंकीची जोडी तोंडात किडे घेऊन आत-बाहेर करत होती.

आपल्या तंत्रज्ञाने येऊन व्हिजिट चार्ज घेतला, पाइपावर दोन टिचक्या मारल्या आणि जॉबशीटवर लिहिले: "पक्ष्यांमुळे अडथळा, वॉरंटीत बसत नाही." वर तोंडी सल्ला दिला, "फुल स्पीडवर सोडा, नाहीतर काठीने ढकला, पडेल खाली." पिले आत आहेत हे सांगितल्यावरही सल्ला बदलला नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 मध्ये शिकारीची जी व्याख्या आहे, तीत वन्य पक्ष्यांची अंडी फोडणे आणि घरटी विस्कटणे हेही येते. आपला माणूस गणवेशात येऊन ग्राहकाला हे करायला सांगतो, याची दखल आधी घ्या.

आता मुद्द्याचे. साळुंकी झाडाच्या ढोलीत घरटे करते. ढोली नसेल तर भिंतीतले कुठलेही भोक तिला चालते, आणि मार्च-एप्रिल हा तिचा हंगामच. ही माहिती मला आहे, तर भिंतीला भोके पाडण्याचा धंदा करणाऱ्या कंपनीला नको? फोनवर मला सांगण्यात आले की मशीनला आतून झडप असते. असते ना. पण ती मशीनच्या डोक्यावर. तिथून बाहेरच्या तोंडापर्यंतचा पाइप रिकामाच राहतो, आणि घरटे झाले ते तिथेच. शिवाय गवत, दोरे, प्लॅस्टिकचे कागद असा सगळा भरणा तेलकट पाइपात, आणि खाली गॅस. आग लागली असती तर तेही "पक्ष्यांमुळे" लिहिले असते का?

पिले साधारण तीन-साडेतीन आठवड्यांत उडतात. तोपर्यंत मी चिमणी बंद ठेवली आहे. खिडकी उघडून स्वयंपाक चालतो. ती उडून गेल्याचे मी कळवीन. त्यानंतर लगेच माणूस पाठवावा, कारण मोकळी जागा दिसली की तीच जोडी त्याच हंगामात पुन्हा अंडी घालते. पाइप बदलूनच द्यावा. घरट्यात बारीक पिसवांसारखे किडे राहतात आणि पिले गेली की ते घरात शिरून माणसांना चावतात, त्यामुळे नुसते झटकून चालणार नाही. बाहेर पट्ट्यांची झडप असलेले कव्हर लावावे. बारीक जाळी नको, ती तेलाने बुजते आणि मग पुन्हा तुमचा व्हिजिट चार्ज. हे सगळे विनामूल्य व्हावे आणि घेतलेला चार्ज परत मिळावा. चूक बसवण्यातली आहे, पक्ष्यांची नाही.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली सेवेतील त्रुटी म्हणून जिल्हा आयोगाकडे जाईन. बिल, जॉबशीट आणि उघड्या तोंडाचे फोटो सोबत जोडले आहेत.

आणि माणूस पाठवाल तेव्हा शिडी घेऊन पाठवा. मागच्या वेळी आमच्या जेवणाच्या खुर्चीवर बूट घालून चढला होता.

आपली,
एक ग्राहक, कोथरूड, पुणे