सगळ्याच भांडणांना 'चिथावणी'?

महोदय,
कुणी साधा टोमणा मारला तरी बातमीत हल्ली 'चिथावणी' छापून येते. डिवचणारा निदान समोर उभा असतो, त्याला तिथल्या तिथे उत्तर देता येते. कुरापत काढणाऱ्याला भांडण स्वतःलाच हवे असते. कळलाव्या मात्र दोघांत जुंपवून देऊन नामानिराळा राहतो (माझ्या मते सर्वांत घातक हाच!). फूस लावणाऱ्याचे तर बोलणेही गोड. चिथावणीचे वजन वेगळे आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम १९२नुसार बेकायदा कृत्याने दंगलीची चिथावणी देणे हा गुन्हा ठरतो, दंगल झाली नाही तरीही. उपसंपादकांनी निदान मथळ्यात तरी हा फरक पाळावा.
– एक वाचक