गळतीसूचक सेन्सर आणि बंद घरांचे कॉक याबाबत समितीस पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापक समिती

विषय : गळतीसूचक सेन्सर बसवणे व प्रत्येक सदनिकेच्या मुख्य कॉकवर क्रमांक लावणे.

महोदय,

घर बंद असताना वॉशिंग मशीनची नळी किंवा सिंकखालचा कनेक्शन पाइप फुटला आणि मिनिटाला 10 लिटर पाणी वाहू लागले, तर तासाभरात 600 लिटर पाणी घरात साचते, आणि इतरांना ते बहुधा खालच्या मजल्याचे छत ठिबकू लागल्यावरच कळते.

यावर गळतीसूचक सेन्सर हा साधा उपाय आहे. तळहातावर मावणाऱ्या त्या डबीच्या तळाशी धातूची दोन टोके असतात. फरशीवरचे पाणी त्या दोहोंना भिडले की पाण्यातील क्षारांमुळे त्यांच्यामधून सूक्ष्म वीजप्रवाह वाहतो, डबी मोठ्याने वाजू लागते आणि ती वाय-फायला जोडलेली असल्यास मालकाच्या मोबाइलवर सूचनाही जाते. वॉशिंग मशीनमागे, सिंकखाली किंवा गीझरखाली, फरशीचा उतार ज्या बाजूला असेल तिथे ती ठेवावी. भिंतीत दबलेल्या पाइपची गळती मात्र पाणी बाहेर येईपर्यंत तिला कळत नाही.

तथापि, परगावी असलेल्या सभासदाला सूचना मिळाली आणि त्याने तत्काळ फोन केला, तरी पाणी बंद कोणी व कुठे करायचे, हा प्रश्न उरतोच. डक्टचे दार उघडल्यावर एकसारखे दिसणारे पाइप आणि कित्येक वर्षे न फिरवल्याने घट्ट बसलेले कॉक समोर येतात. त्यांतला कोणता कोणाचा, हे रात्रपाळीच्या सुरक्षारक्षकाने कसे ओळखावे? माझ्या मते सेन्सरच्या खरेदीआधी हे काम व्हायला हवे. प्रत्येक कॉकवर सदनिकेचा क्रमांक असलेली पट्टी लावावी, न फिरणारे कॉक बदलावेत आणि सुरक्षारक्षकांना ते बंद करून दाखवावेत. ज्यांना गळती होताच आपोआप बंद होणारा मोटरचा व्हॉल्व्ह बसवायचा आहे, त्यांना परवानगी द्यावी. तो वीज नसतानाही हाताने फिरवता येईल असाच असावा, एवढी अट मात्र ठेवावी.

सामाईक जागांपैकी लिफ्टचा खड्डा आणि मीटर रूम इथे सेन्सर सर्वांत आधी हवेत, कारण तिथे पाण्यासोबत विजेचाही धोका असतो. त्यांचा भोंगा सुरक्षारक्षकाच्या केबिनमध्ये वाजावा. दरमहा ओल्या फडक्याने प्रत्येक सेन्सर वाजवून पाहावा व तशी नोंद ठेवावी. बॅटरी संपलेला सेन्सर नुसता खोटा भरवसा देतो.

हा विषय समितीच्या पुढील बैठकीत घ्यावा, ही विनंती. कोणता कॉक कोणाचा हे ठरवताना प्लंबरसोबत थांबण्यास मी तयार आहे.

आपला विश्वासू,
एक सभासद