कार्बन फ्रेम घेताना नावाआधी वॉरंटीचा कागद वाचा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कार्बन फायबरची माउंटन बाइक घ्यायची म्हटले की दोन प्रश्न ठरलेले असतात : टिकेल का, आणि कोणत्या कंपनीची घेऊ? वर्तमानपत्रांतल्या सायकल-परीक्षणांमध्ये फ्रेमचे वजन येते, सस्पेंशनचा ट्रॅव्हल (ते किती दबते ते अंतर) येतो, गिअरचे वर्णन येते आणि शेवटी कंपनीच्या नावलौकिकावर विश्वास टाकून विषय संपतो. फ्रेम किती वर्षे साथ देईल हे ज्या गोष्टींवर ठरते, त्या मात्र छापून येत नाहीत. त्या याव्यात, म्हणून हा पत्रप्रपंच.

आधी टिकाऊपणाबद्दल. 'कार्बन काही वर्षांनी थकतो आणि अचानक मोडतो' हा समज खोलवर रुजला आहे. वस्तुस्थिती जवळजवळ उलट आहे. वारंवार पडणाऱ्या ताणाने थकण्याचा दोष ॲल्युमिनियममध्ये जास्त आहे. ताण कितीही छोटा असला तरी त्याची नोंद त्या धातूत होत राहते. नीट बनवलेली कार्बन फ्रेम पेडलच्या आणि खड्ड्यांच्या ताणाला वर्षानुवर्षे दाद देत नाही. तिचे वैर आहे ते टोकदार माराशी आणि चुकीच्या आवळण्याशी. कार्बनचे तंतू आपल्या लांबीच्या दिशेने प्रचंड भार पेलतात, पण आडव्या दिशेला थर एकमेकांना धरून असतात ते केवळ इपॉक्सी रेझिन या चिकट द्रव्याच्या जोरावर. बांबू उभा सहज चिरतो, तसेच हे. पुढच्या चाकाने उडवलेला दगड डाउनट्यूबच्या (फ्रेमच्या खालच्या तिरक्या नळीच्या) पोटाला लागला की बाहेर रंगाचा टवका उडतो आणि आत थर सुटलेले असू शकतात. ॲल्युमिनियमला अशा वेळी पोचा पडतो, तो दिसतो. कार्बन मात्र पुन्हा मूळ आकारात येतो आणि इजा लपवतो. सारी गोम इथे आहे. म्हणून कार्बन फ्रेम घेणाऱ्याने तपासणीची सवय सायकलसोबतच घ्यायला हवी.

तपासायच्या जागा ठरलेल्या आहेत. डाउनट्यूबचा खालचा भाग, विशेषतः बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलचा आस जिथे बसतो त्या भागाच्या) वरचा वीतभर पट्टा. उजव्या चेनस्टेची (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या नळीची) आतली बाजू, जिथे चेन अडकून खरवडते किंवा चिखल धरलेला टायर घासतो. पडताना हँडलबार गरकन फिरतो आणि ब्रेकचा लिव्हर टॉप ट्यूबवर (फ्रेमच्या वरच्या नळीवर) आदळतो, ती जागा. सीटट्यूबच्या (सीटखालच्या उभ्या नळीच्या) वरच्या टोकाची खाच. केबल जिथे हेडट्यूबला (हँडलखालच्या आखूड नळीला) घासते तो कोपरा. मागच्या सस्पेंशनचे पिव्होट, म्हणजे फिरते सांधे.

फ्रेम धुऊन पूर्ण कोरडी करावी आणि टॉर्चचा उजेड पृष्ठभागावर तिरका पाडावा. समोरून न दिसणारी भेग तिरक्या उजेडात सावली टाकते. मग जुन्या सुती कापडाने सगळ्या नळ्या पुसाव्यात. कुठे तंतू वर आले असतील तर कापड तिथे अडकते. संशयाच्या जागी अंगठ्याने दाबून पाहावे. कार्बन दबत असेल किंवा दाबताना करकरत असेल तर त्या सायकलवर बसू नये. नंतर नाण्याच्या कडेने हलके ठोकत जावे आणि डाव्या बाजूचा आवाज उजव्या बाजूच्या त्याच जागेशी ताडून पाहावा. भिंतीची जाडी बदलते तसा आवाज हळूहळू बदलतो, त्यात काळजीचे काही नाही. ठणठणीत आवाजाच्या मध्येच बोटभर जागा एकदम बद्द वाजली, तर थर सुटल्याची शक्यता धरावी. बॉटम ब्रॅकेट आणि पिव्होटजवळ आत धातूचे भाग चिकटवलेले असल्याने नाण्याची परीक्षा तिथे भरवशाची नाही. तिथल्या शंकेसाठी अल्ट्रासाऊंड तपासणीच करून घ्यावी.

भेग दिसली की ती फक्त रंगाची आहे की खालच्या थरांची, हा पुढचा प्रश्न. भेगेच्या दोन्ही टोकांना बारीक खूण करावी, तारीख लिहून फोटो काढावा आणि निर्णय होईपर्यंत सायकल उभी ठेवावी. रंग काढून पाहायचा तर बारीक पॉलिश पेपरने हाताने काढावा. रंग उतरवायचे रसायन कार्बनला लावूच नये, ते रेझिनही खाते. आणि करकर आवाज आला म्हणजे फ्रेम फुटली असे लगेच धरू नये. बहुतेक आवाज सुकलेल्या सीटपोस्टचे (सीटच्या दांड्याचे), ढिल्या पिव्होटचे किंवा बॉटम ब्रॅकेटमध्ये गेलेल्या मातीचे असतात. ते भाग एकेक करून काढून, पुसून, पुन्हा बसवावेत आणि मगच फ्रेमवर शंका घ्यावी. मुख्य नळ्यांची दुरुस्ती कसबी हात चांगली करू शकतात. हँडलबार आणि फोर्कची (पुढचे चाक धरणाऱ्या चिमट्याची) वर जाणारी स्टीअरर नळी मात्र दुरुस्त करून वापरायच्या वस्तू नव्हेत. मार बसला की बदलायच्या.

चुकीच्या आवळण्याने होणारे नुकसान तर शंभर टक्के टाळता येण्यासारखे आहे. स्टेम (हँडलबार धरणारा भाग) आणि सीट क्लॅम्पचे (सीटपोस्ट आवळणाऱ्या पट्टीचे) बोल्ट साधारण 4 ते 6 न्यूटन-मीटर टॉर्कचे, म्हणजे आवळण्याच्या जोराचे, असतात. नेमका आकडा भागावर छापलेला असतो. दोन भागांवर वेगवेगळे आकडे असतील तर लहान आकडा पाळायचा. हाताच्या अंदाजाने हे जमत नाही, हा जोर मोजणारा टॉर्क रेंच लागतोच. स्टेमच्या पुढच्या झाकणाचे चार बोल्ट कोनाकोनी, थोडे थोडे आवळावेत आणि वरची-खालची फट सारखी ठेवावी (काही स्टेममध्ये वरची फट पूर्ण मिटवायची असते, ते त्यावर लिहिलेले असते). कार्बन सीटपोस्टला ग्रीस लावू नये, त्यासाठी बारीक कण असलेली कार्बन पेस्ट मिळते. तिने कमी टॉर्कमध्येही पकड येते. पेस्ट लावूनही पोस्ट खाली सरकत असेल तर आणखी आवळू नये, आधी व्यास मोजावा. 30.9 मिलिमीटरचा पोस्ट 31.6 च्या नळीत सहज जातो, आणि तो धरून ठेवण्यासाठी क्लॅम्प पिळत गेले की सीटट्यूब खाचेपासून खाली फाटत जाते. ॲल्युमिनियमचा पोस्ट कार्बन फ्रेममध्ये असेल तर घाम आणि ओलाव्याने दोन पदार्थांमध्ये गंज धरतो आणि पोस्ट कायमचा अडकतो. दर काही महिन्यांनी तो बाहेर काढून पुसावा आणि पेस्ट लावून पुन्हा बसवावा. दुरुस्तीच्या स्टँडमध्ये सायकल सीटपोस्टला धरून लावावी, नळीला कधीच नाही. गाडीवर न्यायची असेल तर चाके धरणारा कॅरियर घ्यावा, डाउनट्यूबला चिमटा लावणारा नको.

आता कंपनीनिष्ठेकडे वळतो. सायकलच्या सुरक्षिततेसाठी आयएसओ 4210 हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. ते 2014 मध्ये आले आणि 2023 मध्ये सुधारले गेले. त्यात फ्रेमवर पेडलच्या ताणाची 1,00,000 आवर्तने आहेत, वजन आदळण्याची परीक्षाही आहे. पण ही किमान पायरी आहे आणि परीक्षा नव्या नमुन्याची होते, दगड खाल्लेल्या फ्रेमची नव्हे. ग्राहकाच्या जास्त उपयोगाची गोष्ट म्हणजे वापराचा वर्ग. एएसटीएम या मानक ठरवणाऱ्या संस्थेच्या वर्गवारीत 1 ते 5 असे वर्ग आहेत आणि माहितीपुस्तिकेत किंवा फ्रेमवरच्या लेबलवर बहुधा तो आकडा असतो. वर्ग 3 खडबडीत पायवाटांसाठी आणि 61 सेंटिमीटरपर्यंतच्या उड्यांसाठी, वर्ग 4 हा 122 सेंटिमीटरपर्यंत, वर्ग 5 त्याहून टोकाच्या वापरासाठी. अत्यंत नावाजलेल्या कंपनीची हलकी क्रॉस-कंट्री फ्रेम वर्ग 3 ची असेल आणि आपण तिच्यावरून मीटरभर उड्या मारणार असू, तर कमी नावाच्या कंपनीची वर्ग 4 ची फ्रेम आपल्यासाठी निःसंशय चांगली. एकाच नावाखाली रस्त्यावरची सायकलही विकली जाते आणि डाउनहिलचीही. एकीवरचा विश्वास दुसरीवर ढकलता येत नाही.

वर्गाइतकाच कमाल वजनाचा आकडा महत्त्वाचा. अनेक फ्रेमना तो 120 ते 136 किलोंच्या आसपास असतो, पण त्यात सायकल आणि पाठीवरचे सामान धरले आहे की नाही, ते शब्द नीट वाचावेत. तसेच फोर्क. 120 मिलिमीटर ट्रॅव्हलच्या फोर्कसाठी बनवलेल्या फ्रेमला 140 चा बसतो, पण हेडट्यूबवरची तरफ वाढते आणि बहुतेक वेळा वॉरंटी तिथेच संपते.

'आमची कंपनी स्वतः कार्बन बनवते' या अभिमानालाही मर्यादा आहे. तैवानची जायंट 1972 साली सुरू झाली, तिने वर्षानुवर्षे दुसऱ्यांच्या नावाच्या सायकली बनवल्या आणि 1987 मध्ये स्वतःची कॅडेक्स ही कार्बन सायकल बाजारात आणली. तैवानच्याच मेरिडाने 2001 मध्ये स्पेशलाइज्ड या अमेरिकी सायकल कंपनीत मोठा हिस्सा घेतला. सांताक्रूझ ही अमेरिकी सायकल कंपनी 2015 पासून नेदरलँड्सच्या पॉन समूहाकडे आहे. नाव तेच राहते, मालक आणि कारखाने बदलतात. याचा अर्थ 'एकाच कारखान्यातल्या सगळ्या फ्रेम सारख्या' असाही नाही. थरांची मांडणी, साचा आणि तपासणीचे निकष ज्याची सायकल तो ठरवतो. महागडी श्रेणी घेतली म्हणजे जास्त टिकेल हेही गृहीत धरू नये. सांताक्रूझच्या सी आणि सीसी या दोन श्रेणींत फरक सुमारे पाव किलो वजनाचा, मजबुती सारखीच, असे खुद्द कंपनी सांगते. जास्तीचा पैसा हलकेपणाला जातो.

निष्ठेला आधार द्यायचाच तर तो विक्रीनंतरच्या वागणुकीचा असावा. 'लाइफटाइम वॉरंटी' बहुधा पहिल्या मालकापुरती आणि बनावटीतल्या दोषापुरती असते. पडून झालेली मोडतोड त्यात येत नाही. तिच्यासाठी काही कंपन्या सवलतीत नवी फ्रेम देतात, पण ती सवलत किती आणि किती वर्षे, हे आधी लेखी घ्यावे. बिल जपावे. वॉरंटीत फ्रेम बदलून मिळाली तरी जुने मॉडेल बंद झाले असेल तर नवीन फ्रेमला मागचा हब (चाकाचा मधला भाग) 148 ऐवजी 157 मिलिमीटरचा लागू शकतो, बॉटम ब्रॅकेट आट्यांऐवजी प्रेस-फिट (दाबून बसवायचा) असू शकतो, मागच्या सस्पेंशनच्या शॉकची लांबी वेगळी असू शकते. तो खर्च आणि मजुरी बहुधा ग्राहकाच्याच अंगावर येते.

सुट्या भागांचे तर फारच हाल आहेत. मागचा डिरेलर (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) ज्या छोट्या हँगरला लटकतो, तो पूर्वी जवळजवळ प्रत्येक फ्रेमचा वेगळा असे, आणि काही ग्रॅमच्या त्या तुकड्यासाठी धडधाकट फ्रेम महिनोन्महिने पडून राहत असे. 2019 मध्ये गिअर बनवणाऱ्या स्रॅम कंपनीने यूडीएच (युनिव्हर्सल डिरेलर हँगर) हा सामाईक हँगर आणला आणि बऱ्याच कंपन्यांनी तो स्वीकारला. फ्रेम घेताना तो आहे का, एवढे विचारले तरी पुढचा मोठा त्रास वाचतो. स्रॅमच्या 2023 मध्ये आलेल्या 'ट्रान्समिशन' नावाच्या गिअरसाठी यूडीएचला साजेशी फ्रेमच लागते. पिव्होटच्या बेअरिंगचेही तसेच. त्यावर 6902 असा प्रमाणित क्रमांक असेल तर 15 × 28 × 7 मिलिमीटरचे ते बेअरिंग कोणत्याही बेअरिंगच्या दुकानात मिळते. कंपनीच्या खास मापाचे असेल तर कंपनीची वाट पाहावी लागते, आणि तोवर खिळखिळ्या पिव्होटवर सायकल चालवली तर बेअरिंगचे घरच लांबट होते. ते मात्र बदलता येत नाही. सांताक्रूझ पहिल्या मालकाला पिव्होटची बेअरिंग आयुष्यभर मोफत देते. निष्ठा अशा लेखी गोष्टींवर ठेवावी.

म्हणून आपल्या दैनिकाला विनंती आहे. कार्बन सायकलचे परीक्षण छापताना वापराचा वर्ग, कमाल वजन आणि त्यात काय काय धरले आहे, फोर्कची कमाल लांबी, हँगरचा प्रकार, बेअरिंगचे क्रमांक आणि वॉरंटीतल्या अटी एका चौकटीत द्याव्यात. ज्या कंपनीने एखादी माहिती दिली नाही, तिच्यासमोर 'माहिती दिली नाही' असे स्पष्ट छापावे. कंपन्यांनीही प्रत्येक फ्रेमसोबत टॉर्कचा तक्ता आणि पिव्होटच्या भागांची यादी कागदावर द्यावी, मॉडेल बंद झाल्यावर किती वर्षे भाग मिळतील ते लिहावे, आणि बाहेर दुरुस्त केलेल्या फ्रेमच्या उरलेल्या भागाची वॉरंटी चालू राहते की संपते, हेही स्पष्ट करावे.

आपला,
फ्रेम तपासणी व दुरुस्तीच्या कामातला एक वाचक