उद्यमनगरला पत्र: जुन्या रोडस्टरचं हिवाळ्यातलं काम

कोव्हेंट्री,
१८ ऑक्टोबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

गाडीत नेमकं काय काय बदलणार आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरातून काय करून पाठवू, असं तू विचारलंस. मापं फोनवर सांगितली की हमखास चुकतात, म्हणून सगळं लिहूनच काढतोय. धनूलाही वाचायला दे. "टर्बो कधी लावणार?" या त्याच्या प्रश्नाचं उत्तर पुढे आहे.

गाडी १९९२ ची माझदा. जपानात ती युनोस रोडस्टर या नावानं विकली जायची, बाकी जग तिला एमएक्स-५ म्हणतं. १५९७ सीसी, दोन कॅमशाफ्ट, सोळा व्हॉल्व्ह, ११५ च्या आसपास घोडे, ताकद मागच्या चाकांना आणि वजन टनाच्या आत. चारही कोपऱ्यांना डबल विशबोन, म्हणजे चाक धरणारे वर-खाली दोन आर्म. ही गाडी ताकदीच्या जोरावर पळत नाही, हलकेपणामुळे आणि वळणावर धरलेल्या तोलामुळे पळते. पन्हाळ्याच्या चढावर शंभर घोडे पुरतात, तिथं वळणात चाक कुठं ठेवतोय हे हाताला कळलं पाहिजे. तेवढ्यासाठी मी क्रम असा ठरवलाय: आधी पत्रा, मग रबर आणि ब्रेक, मग शॉकअप. इंजिनाची ताकद वाढवायचं काम या हिवाळ्यात नाहीच. पैलवान आधी तालमीत घाम गाळतो, मग मैदानात उतरतो. गाडीचंही तसंच.

पत्र्यापासून सुरुवात करतो, कारण या गाड्या मरतात त्या गंजानं, इंजिनानं नव्हे. इथं हिवाळ्यात बर्फ जमू नये म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. कोकणातल्या खाऱ्या हवेनं तळ जसा खातो तसंच, फक्त कितीतरी जोरात. पण या गाडीचा खरा शत्रू वेगळा आहे. कापडी टपावरचं पाणी सीटच्या मागे दोन्ही बाजूंना असलेल्या नळ्यांतून खाली जातं आणि मागच्या चाकाच्या पुढे बाहेर पडतं. पानं आणि माती साचून नळी तुंबली की पाणी दाराखालच्या पोकळ पेटीत उतरतं. त्या पेटीला इथं सिल म्हणतात. ती आतून कुजते आणि बाहेर रंगाला फोड आलेला दिसेपर्यंत आतला पत्रा संपलेला असतो. सीटबेल्टच्या किंवा सस्पेन्शनच्या जोडापासून ३० सेंमीच्या आत भार पेलणारा पत्रा कुजलेला सापडला, तर एमओटीत, म्हणजे इथल्या दरवर्षीच्या पासिंगमध्ये, गाडी नापास होते. ठिगळ मारायचं तर चहूबाजूंनी अखंड वेल्डिंग लागतं, टाके टाकून चालत नाही. म्हणून पहिलं काम फुकटचं: गवत कापायच्या यंत्राची जाड नायलॉन दोरी नळीतून फिरवायची, वरून तांब्याभर पाणी ओतायचं आणि ते खाली धारेनं पडतंय का बघायचं. तार घालायची नाही, नळी फाटते. त्यानंतर सिलच्या आतून मेण फवारायचं, तेही पत्रा पूर्ण कोरडा झाल्यावर. ओल्यावर मेण मारलं की पाणी आतच कोंडतं.

आता रबर. गाडीची हाताला लागणारी निम्मी मरगळ विशबोनच्या बुशांमुळे, म्हणजे सांध्यातल्या रबरी नळ्यांमुळे, आहे. तीस वर्षांचं रबर कडक होतं आणि कडेनं सुटतं. बुश स्वस्त आहेत, त्रास बोल्टचा आहे. खालच्या प्रत्येक आर्मला अलाइनमेंटसाठी, म्हणजे चाकांचे कोन जुळवायला, दोन एक्सेंट्रिक (मध्य सरकवलेले) बोल्ट असतात, म्हणजे गाडीत एकूण आठ. ते बुशच्या लोखंडी नळीत गंजून एकजीव होतात. पाना लावला की डोकं फिरतं, पण बोल्टबरोबर नळीही फिरते आणि रबर नुसतं पिळतं. ठोकून काही होत नाही. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल, मग उष्णता, आणि तरीही हलला नाही तर बुश आणि बॉडीच्या फटीतून करवतीनं कापायचा. त्यामुळे आठही नवे बोल्ट आधी हातात ठेवूनच काम काढायचं. बसवताना बोल्टच्या गुळगुळीत भागाला अँटिसीझ ग्रीस, म्हणजे पुढच्या वेळी करवत लागणार नाही.

यात एक चूक इतकी सर्रास होते की लिहून ठेवतो. गाडी जॅकवर, आर्म खाली लोंबतायत आणि त्याच अवस्थेत फिटर बोल्ट पूर्ण आवळून मोकळा होतो. रबरी बुशच्या आतली आणि बाहेरची नळी रबराला चिकटवलेली असते. लोंबत्या स्थितीत आवळलं की गाडी चाकांवर उतरताच रबर कायमचं पिळलेलं राहतं, सहा महिन्यांत फाटतं आणि गाडीची उंचीही खोटी दिसते. बोल्ट हातानं लावायचे, गाडी चाकांवर उभी करायची आणि त्याच उंचीला आवळायचे. पॉलीयुरेथेनच्या बुशला ही भीती नाही, ती मोकळी फिरते. पण ग्रीस संपलं की ती किरकिरते आणि रस्त्याची प्रत्येक रेघ सीटपर्यंत पोचवते. म्हणून मी रबरच घेतोय.

ब्रेकबद्दल तुला जास्त सांगायला नको, शिरोलीच्या फाउंड्रीत ग्रे आयर्नची ओतीव रोज बघणारा माणूस तू. या गाडीला पुढे २३५ मिमीची हवा खेळणारी डिस्क आहे. १९९४ च्या १.८ लिटरच्या मॉडेलपासून ती २५५ झाली. ती १४ इंची चाकात बसते, म्हणून बदल सोपा आहे. मात्र कॅलिपर, त्याचा ब्रॅकेट आणि डिस्क एकाच गाडीची जोडी म्हणून घ्यायची. वेगवेगळ्या ठिकाणचे तुकडे जमवले की पॅड डिस्कच्या कडेबाहेर राहतो किंवा आत घासतो. पुढचे वाढवले तर मागचेही २५१ मिमीचे घ्यायचे, नाहीतर पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोल बिघडतो.

ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरलं की लोक डिस्क लेथवर चढवतात. दहात आठ वेळा दोष डिस्कचा नसतोच. हबच्या तोंडावर गंजाची पापडी असते, डिस्क तिच्यावर तिरकी बसते आणि हबजवळची बारीकशी चूक डिस्कच्या कडेला वाढून दिसते. हब तारेच्या ब्रशनं आणि एमरीनं चकचकीत करायचा, डिस्क चाकाच्या नटांनी आवळायची आणि डायल गेज लावायचं. कडेपासून १० मिमी आत ०.१ मिमीपेक्षा जास्त रनआउट, म्हणजे डगमग, आलं, तर डिस्क एक भोक फिरवून पुन्हा मोजायची. तरीही येत असेल तेव्हाच लेथ, आणि तोही डिस्कवर कोरलेली किमान जाडी बघून.

मागच्या कॅलिपरचा पिस्टन सी-क्लॅम्पनं दाबायचा नाही. हँडब्रेकची यंत्रणा पिस्टनच्या आत स्क्रूवर आहे. कॅलिपरच्या मागे एक झाकण-बोल्ट आहे, त्याच्या आत ४ मिमीची अ‍ॅलन की बसते. तीच फिरवून पिस्टन आत घ्यायचा. नवे पॅड घातल्यावर की उलट फिरवून चाक अडकेपर्यंत पिस्टन बाहेर आणायचा आणि मग एक तृतीयांश फेरा मागे. जोरानं दाबलं तर आतला धागा मोडतो आणि हँडब्रेक कधीच धरत नाही. फ्लुइड डॉट ४ आणि दर दोन वर्षांनी पूर्ण बदल.

शॉकअपचं थोडक्यात. कोनी आणि बिल्स्टीन दोन्ही चांगले, मी अजून ठरवलेलं नाही. महत्त्वाचं म्हणजे आतला बंपस्टॉप, शेवटचा धक्का झेलणारा मऊ ठोकळा. जुन्याचा भुगा होतो आणि मग प्रत्येक खड्ड्याला लोखंडावर लोखंड आपटतं. १९९८ नंतरच्या मॉडेलचे टॉपमाउंट लावले की शॉकअपला थोडी जास्त हालचाल मिळते, म्हणून ते घेणार. उंची चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत ३३० मिमी, त्याखाली नाही. गाडी जमिनीला टेकवलेली फोटोत छान दिसते, पण रस्त्यावर ती बंपस्टॉपवर नाचते. शेवटी अलाइनमेंट: पुढे कॅम्बर (चाकाचा उभा कल) उणे १ अंश, मागे उणे दीड, कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा मागचा कल) ५ च्या जवळ, पुढची टो (चाकांची तोंडं आत-बाहेर वळणं) शून्य, मागची एकूण २ मिमी आत. हे सगळं ड्रायव्हरच्या सीटवर माणसाएवढं वजन ठेवून. एवढ्या हलक्या गाडीत ७५ किलोंनी आकडे बदलतात. कंपनीच्या मूळ चाकांवर टायर १८५/६० आर १४, हवा २६ पीएसआय. तेवढी कमी हवा बघून धनू घाबरेल, पण तो आकडा कंपनीच्याच पट्टीवरचा आहे.

इंजिनात फक्त देखभाल. टायमिंग बेल्ट ६०,००० मैलांना, म्हणजे सुमारे ९६,००० किमीला. त्याबरोबर वॉटर पंप, टेन्शनर, कॅमची दोन्ही सीलं आणि क्रँकचं पुढचं सील, कारण सगळं एकाच झाकणाखाली आहे. या इंजिनाचं एक पुण्य आहे: बेल्ट तुटला तरी पिस्टन व्हॉल्व्हला भिडत नाही, गाडी फक्त बंद पडते. दुसरं लक्षात ठेवायचं: हेडच्या मागच्या टोकाला कॅम अँगल सेन्सर आहे. त्याची ओ-रिंग कडक झाली की तेल बेलहाउसिंगवर, म्हणजे क्लचच्या कवचावर, उतरतं, आणि क्रँकचं मागचं सील गेलं समजून लोक गिअरबॉक्स उतरवतात. आधी ती रिंग बदलायची. सेन्सर हलवला की टायमिंग लाइटनं ठिणगीचे १० अंश पुन्हा जुळवायचे, आणि तेही डायग्नॉस्टिक पेटीत टेन आणि ग्राउंड जोडून. ती दोन टोकं न जोडता दिसणारा आकडा खोटा असतो.

थर्मोस्टॅट मागे हलवायचा स्पेसर बनवतो म्हणालास. तुझा मुद्दा बरोबर आहे. हे इंजिन मुळात आडवं बसायला बनवलेलं, या गाडीत उभं बसवल्यामुळे पाणी पुढूनच येतं आणि पुढूनच जातं, त्यामुळे मागचा सिलिंडर जास्त तापतो. पण ती अडचण ट्रॅकवर किंवा टर्बो लावल्यावर येते. रस्त्यावरच्या गाडीला रेडिएटर धड असला की झालं. त्याची वरची प्लास्टिकची टाकी काळ्याची तपकिरी झाली की ती फुटणार, हे नक्की. ती बदलतोय, कूलंट अर्धं पाणी, अर्धं ग्लायकॉल, एकूण ६ लिटर. स्पेसर राहू दे.

आणि धनूसाठी: टर्बो लावला की पहिल्यांदा मोडतो तो या गाडीचा डिफरन्शियल. १.६ चा क्राउन व्हील, म्हणजे त्यातला मोठा दातेरी गिअर, लहान आहे. १.८ चा मोठा डिफरन्शियल घ्यायचा तर दोन्ही हाफशाफ्ट आणि प्रोपेलर शाफ्टही बदलावा लागतो. मग क्लच, मग कूलिंग, मग इंधनाचं मॅपिंग. एका भागाचं काम नाही ते. शिवाय इथं प्रत्येक बदल विमा कंपनीला कळवावा लागतो, लपवला तर क्लेमच्या वेळी हात वर करतात.

आता तुझ्या लेथचं काम. ब्रेक, स्टिअरिंग आणि बॉल जॉइंटचं काहीही घरी बनवायचं नाही, हे आधीच सांगतो. बाकी तीन वस्तू हव्यात.

पहिली, चाकाच्या सेंटरिंग रिंगा, चार. नव्या १५ इंची अलॉयचं मधलं भोक ६७.१ मिमी आहे आणि गाडीच्या हबला ५४.१ लागतं. बाहेरचा व्यास ६७.०५, आतला ५४.१५, जाडी ८ मिमी, मटेरियल ६०८२ अ‍ॅल्युमिनिअम. आतल्या कडेला ४५ अंशांचा २ मिमी चॅम्फर, म्हणजे तिरका कट, विसरू नको. हबच्या मुळाशी गोलाई आहे, चॅम्फर नसला तर रिंग तिथं अडते आणि चाक तोंडाला पूर्ण टेकत नाही. नट आवळलेला वाटतो आणि शंभर किमीत सैल होतो. अ‍ॅनोडाइझ करून घे. मिठात अ‍ॅल्युमिनिअम आणि लोखंड एकमेकांना असे धरतात की चाक लाथेनंही निघत नाही. मात्र अ‍ॅनोडाइझचा थर मापात धर, दिलेली मापं थरानंतरची आहेत.

दुसरी, गिअर लिव्हरचा गोळा. स्टेनलेस, ५० मिमी व्यासाचा, तळ सपाट, थ्रेड एम १० पण पिच १.२५. आपल्याकडे हाताला सहज १.५ चा टॅप येतो, तो लावू नको. दोन आटे बसतो आणि मग लिव्हरचाच धागा जातो. भोक २५ मिमी खोल. जड गोळ्यानं गिअर पडताना जो ठाम स्पर्श येतो, तो प्लास्टिकच्या हलक्या गोळ्याला येत नाही.

तिसरी, बुश काढायचं ओढणं. ईएन ८ चा कप, समोर बुशपेक्षा अर्धा मिमी बारीक दट्ट्या, १०.९ ग्रेडचा रॉड आणि नटाखाली थ्रस्ट बेअरिंग. बेअरिंगशिवाय धागा जळतो. याची मापं आर्म उतरवल्यावर व्हर्निअरनं घेऊन पाठवीन, अंदाजानं कापू नको.

नोव्हेंबरच्या मध्याला रस्त्यांवर मीठ पडायला लागेल, तेव्हा गाडी आत घेतोय. रिंगा आधी दोनच पाठव. हबवर बसवून बघतो आणि मग उरलेल्या दोन कर.

आईला नमस्कार सांग. वहिनींना नमस्कार, धनूला आशीर्वाद.

तुझा,
बाळू

ता. क. गोळ्यावर गिअरचे आकडे कोरू नको. रिव्हर्स या गाडीत पाचव्याच्या खाली, उजवीकडे मागे आहे, हातालाच सापडतो.