टॉपिंगचा नियम ग्राहकाला आधी दिसावा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

घरपोच मागवलेल्या खाण्याच्या बिलात 'जादा' म्हणून लागलेल्या पैशांविषयी वाचकांच्या तक्रारी अधूनमधून छापून येतात आणि त्यांचा रोख बहुधा हॉटेलवाल्यांच्या हावरटपणावर असतो. मी कोथरूडमध्ये पिझ्झा-सँडविचचे छोटे दुकान चालवतो, म्हणजे आरोपींपैकीच एक आहे. माझ्या अनुभवानुसार यातले बरेचसे पैसे लबाडीने नव्हे, तर घाईघाईत भरलेल्या एका तक्त्यामुळे लागतात. पण म्हणून आमची जबाबदारी कमी होते असे मी म्हणणार नाही.

दुकानाचे स्वतःचे ऑर्डर-पान सुरू करताना सॉफ्टवेअरवाल्याने तयार साचा दिला आणि एका रात्री, शटर ओढल्यावर, मी त्यात टॉपिंगचे दर भरले. मध्यम पिझ्झावर दोन टॉपिंग मोफत, पुढचे प्रत्येक आपापल्या दराने, असा नियम ठेवला. मका आणि ढोबळी मिरची प्रत्येकी २५ रुपये, पनीर ५० रुपये. नियम साधा वाटला. दोनतीन आठवड्यांनी एका ज्येष्ठ गृहस्थांचा फोन आला. त्यांनी आणि त्यांच्या शेजाऱ्यांनी एकाच संध्याकाळी अगदी एकच पिझ्झा मागवला होता, दोन्ही बिले त्यांच्या हातात होती आणि त्यांच्या बिलात २५ रुपये जास्त होते. मी तपासले तेव्हा उलगडा झाला, की त्यांनी आधी मका, मग मिरची आणि शेवटी पनीर निवडले होते, म्हणून पहिली दोन मोफत धरून पनीरचे ५० रुपये लागले; शेजाऱ्यांनी पनीर सर्वांत आधी निवडले, म्हणून पनीर आणि मका फुकटात गेले आणि मिरचीचे २५ रुपये लागले. भट्टी एक, पिझ्झा एक, भाव मात्र दोन. मी पैसे परत करतो म्हणालो, तर ते म्हणाले, "पंचवीस रुपयांचं राहू द्या हो, हिशेबाचं बोला."

हिशेबाचे बोलायचे तर 'दोन मोफत' या शब्दांचे तीन अर्थ होतात: आधी निवडलेली दोन, सर्वांत स्वस्त दोन किंवा सर्वांत महाग दोन. यांपैकी कोणता अर्थ धरायचा हे सॉफ्टवेअरच्या कुठल्यातरी खिडकीतल्या एका खुणेवर ठरते आणि ती खूण साच्यात आधीच केलेली असते. महागडी दोन मोफत ठेवणे ग्राहकाच्या सोयीचे खरे, पण मग जो तो पनीर आणि जादा चीजच उचलेल आणि दुकानाचे दिवाळे निघेल. स्वस्त दोन मोफत ठेवली तर जाहिरातीतले 'मोफत' नावापुरते उरते. मी शेवटी दोन गट केले: भाज्यांच्या गटातली, सारख्याच दराची, कोणतीही दोन मोफत, पनीर आणि चीज वेगळ्या गटात, त्यात मोफत काही नाही. आता कोणत्याही क्रमाने निवडा, बिल तेच येते.

आकाराचा घोळ याहून मोठा आहे आणि त्यात नुकसान बहुधा दुकानदाराचे होते. सात, दहा आणि बारा इंची पिझ्झाला टॉपिंगचा एकच दर लावणारे दुकानदार मी पाहिले आहेत. पोळीचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढते, म्हणजे ४९, १०० आणि १४४ या प्रमाणात. सात इंचावर ४० ग्रॅम पनीर पुरत असेल, तर तसाच थर द्यायला दहा इंचावर सुमारे ८० आणि बारा इंचावर सुमारे ११८ ग्रॅम लागते. एकच दर ठेवला की मोठ्या पिझ्झावर आतला माणूस हात आखडतो, मग ग्राहकाचा फोन येतो की पनीर शोधावे लागले. म्हणून दर आकारानुसारच हवा. अर्ध्या भागावरच्या टॉपिंगला निम्मा दर हे सरळ आहे. २५ च्या निम्म्या, म्हणजे १२ रुपये ५० पैशांचे काय करायचे एवढे मात्र आधी ठरवावे.

'कांदा नको' म्हटल्यावर पैसे कमी का होत नाहीत, हा प्रश्न आमच्याकडे नेहमी येतो. माझ्या मते कांद्याचे पैसे कापू नयेत, पण त्याऐवजी त्याच दराची दुसरी भाजी मागितली तर तिचे पैसेही लावू नयेत. जैन पर्याय मात्र स्वतंत्र, शून्य दराचा हवा. सूचनेच्या चौकटीत लिहिलेले 'कांदा-लसूण नको' गर्दीच्या वेळी स्वयंपाकघरात कोणी वाचेलच असे नाही.

कायद्याने यातले बरेच सांगून ठेवलेले आहे. ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० नुसार एकूण किंमत तिच्या तपशिलासह दाखवावी लागते आणि ग्राहकाची संमती आधीच खूण करून गृहीत धरता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत तर किंमत टप्प्याटप्प्याने उघड करणे आणि टोपलीत परस्पर वस्तू घालणे या दोन्ही गोष्टी ग्राहकाला चकवणाऱ्या फसव्या रचनांत ('डार्क पॅटर्न') मोडतात. तेव्हा 'जादा चीज'वर आधीच खूण असलेले पान दिसले, तर ग्राहकांनी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर जरूर तक्रार करावी. आम्हा दुकानदारांना त्याचा राग येण्याचे कारण नाही.

मिसळीच्या दुकानात जादा पावाचे पैसे लागतात आणि रस्सा पुन्हा मागितला तर लागत नाहीत, हे पुण्यात बहुतेक ठिकाणी न विचारता ठाऊक असते, कारण नियम समोर घडताना दिसतो. पडद्यावर तो लिहूनच दाखवावा लागतो. म्हणून माझी शहरातील हॉटेलचालकांना विनंती आहे, की मोफत काय, किती आणि कोणत्या गटातले, तसेच सवलत टॉपिंगवर लागू आहे की फक्त मूळ पदार्थावर, हे पदार्थाच्या नावाखालीच एका ओळीत लिहावे. आणि साचा बसवून देणाऱ्यांनी पान चालू करण्यापूर्वी दुकानदाराला शेजारी बसवून तीच टॉपिंग सुलट आणि उलट क्रमाने निवडून दोन बिले काढून दाखवावीत. याला दहा मिनिटेही लागत नाहीत. मला मात्र ते त्या गृहस्थांच्या फोननंतर सुचले.

आपला,
एक दुकानदार, कोथरूड, पुणे