बेगोनियाचं वेळापत्रक कोकणासाठी वेगळं छापा की

मा. संपादक, स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत कंदाच्या बेगोनियावर (कंदातून उगवणारं फुलझाड) लेख आला होता त्याबद्दल लिहितेय. लेख तसा चांगलाय, कंदाची खोलगट बाजू वर ठेवायची, वरून अगदी थोडीच माती घालायची, त्या खळग्यात पाणी साचू द्यायचं नाही, हे सगळं बरोबर. पण "फेब्रुवारी-मार्चमधे घरात ट्रेमधे कोंब काढा आणि मेमधे बागेत लावा" हे कुणासाठी लिहिलंय हो? मार्चपर्यंत बर्फ असतो तिकडच्यांसाठी ठीक आहे, आमच्या दापोली-गुहागरकडे मेमधे बाहेर ठेवलेल्या बेगोनियाची चार दिवसात उकडलेली भाजी होते.

ते गुलाबासारख्या मोठ्या फुलांचे बेगोनिया मुळात बोलिव्हिया-पेरूकडच्या अँडीज डोंगरातल्या जातींच्या संकरातून आलेले, त्यांना हवा थंड लागते आणि रात्री तर गारवाच पाहिजे. मग कुणी म्हणेल थंडीत लावा ना, पण गोची तिथेच आहे, ह्या झाडाला दिवस मोठा लागतो, तो लहान झाला की फुलं सोडून कंद भरायला घेतं आणि पानं पिवळी पाडून झोपून जातं. आपल्याकडे डिसेंबरात दिवस जेमतेम 11 तासांचा. म्हणजे हवा थंड असते तेव्हा उजेड कमी आणि उजेड असतो तेव्हा उकाडा, आणि पावसाळ्यात तर कंद कुजायलाच बसलेला.

ह्याला उपाय साधा आहे आणि तो लेखात हवा होता. ऑक्टोबरची काहिली ओसरली की कुंड्या पडवीत घ्यायच्या आणि संध्याकाळी दिवेलागणीला वर एक एलईडी बल्ब लावून तो नऊ-साडेनऊपर्यंत चालू ठेवायचा, म्हणजे झाडाच्या हिशेबी दिवस 14 तासांचा होतो. परदेशात ग्रीनहाऊसवाले हिवाळ्यात हेच करतात. सकाळचं कोवळं ऊन चालतं, दुपारचं अजिबात नाही.

नुसती तांबडी माती घालू नका, पाण्याने दडपते. धुतलेलं कोकोपीट, जाळलेलं भाताचं तूस आणि चांगलं कुजलेलं शेणखत असं भुसभुशीत पाहिजे, कुंडी उथळ आणि पाणी कडेकडेनेच. हवा खेळती नसेल तर पानांवर भुरी (पांढरी बुरशी) येते. आणि एक, मोठं भरगच्च फूल असतं ते नर, त्याच्या आजूबाजूला एकेरी फुलं येतात ती मादी, मागे तीन पंखांची बीजपिशवी असते त्यावरून ओळखायची. ती मादी फुलं लवकर खुडली की मधलं फूल मोठं होतं (माझ्या जावेला हे पटत नाही, ती म्हणते बिचारीला कशाला खुडता).

मार्चच्या आसपास बल्ब बंद करून पाणी कमी करत जायचं, दांडा आपोआप गळून पडतो, ओढून काढायचा नाही. मग कंद सावलीत सुकवून कागदी पिशवीत फ्रीजच्या भाजीच्या कप्प्यात. माळ्यावर ठेवलात तर आपल्या पावसाच्या दमट हवेत बुरशी ठरलेलीच.

अजून एक राहिलं, कंदाचे बेगोनिया आपल्याकडे रानात पण आहेत आणि लेखात त्यांचा साधा उल्लेखही नाही! बेगोनिया क्रेनाटा पावसात कातळाच्या कपारीत, जुन्या चिऱ्याच्या भिंतींवर येतो, छोटी फिकट गुलाबी फुलं, पाऊस सरला की गायब, कंद तिथेच राहतो. ज्यांना बल्बबिल्ब नको त्यांनी तो बघावा, पण बघावाच, कपारीतून उपटून कुंडीत आणू नये.

तेव्हा विनंती एवढीच की बागेवरच्या लेखात महिना लिहिताना तो कुठल्या गावासाठी ते पण लिहा, दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कुणाकडून एकदा तपासून घेतलंत तर फारच बरं. आणि कोकणचं वेळापत्रक सप्टेंबरातच छापा, कंद तेव्हाच मागवायचे असतात.

आपली,
एक नियमित वाचक, दापोली तालुका