स्लोव्हेनियासाठी आठ रात्री काढा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळी सुट्टी जवळ आली की वर्तमानपत्रांत युरोप सहलींच्या पानभर जाहिराती सुरू होतात. बारा दिवसांत आठ देश असा त्यांचा हिशेब असतो. त्यात स्लोव्हेनियाचे नाव असलेच, तर व्हेनिसहून व्हिएन्नाकडे जाताना ब्लेड तलावाकाठी फोटोसाठी दोन तासांचा थांबा, एवढ्यावर त्या देशाची बोळवण होते. आपल्या पुरवणीतल्या प्रवासलेखांतही ब्लेडच्या बेटाचे चित्र छान छापून येते. पण कोणत्या महिन्यात जावे, किती रात्री राहावे, व्हिसाच्या मागे कधी लागावे, हे वाचकाला त्यात सापडत नाही. हा देश आठ-नऊ दिवसांत आपला आपण आखून उत्तम पाहता येतो, आणि तसाच पाहायला हवा, असे मनापासून वाटते म्हणून हे सविस्तर पत्र.

स्लोव्हेनियाचे क्षेत्रफळ सुमारे 20,271 चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यापेक्षा थोडेच जास्त. लोकसंख्या साधारण 21 लाख. एवढ्याशा जागेत उत्तरेला आल्प्स, दक्षिणेला चुनखडीच्या गुहा आणि नैर्ऋत्येला जेमतेम 47 किलोमीटरचा समुद्रकिनारा आहे. राजधानी ल्युब्लियानाहून ब्लेड 55 किलोमीटर, पोस्तोयनाची गुहा 53 किलोमीटर. हे आकडे पाहून बरेच जण ‘दोन दिवसांत उरकेल’ असे ठरवतात आणि तिथेच बेत फसतो. महामार्गावर अंतर झपाट्याने कापले जाते, पण डोंगरात तासाला 30-35 किलोमीटर झाले तरी खूप. आणखी एक घोटाळा वारंवार होतो तो नावाचा. स्लोव्हाकिया वेगळा देश, त्याची राजधानी ब्रातिस्लाव्हा. विमा, हॉटेल आणि अर्ज यांवर देशाचे नाव एक-एक अक्षर तपासून घ्यावे.

आधी महिना ठरवावा. महाराष्ट्रातील शाळांच्या सुट्टीमुळे बहुतेक कुटुंबे एप्रिल-मे महिन्यांत निघतात. एप्रिलमध्ये डोंगरातल्या घाटवाटा बर्फामुळे बंद असू शकतात. मेचा उत्तरार्ध मात्र चांगला. बर्फ वितळत असल्याने धबधबे भरलेले असतात, हिरवळ ताजी असते आणि गर्दी कमी. जुलै-ऑगस्टमध्ये ब्लेडला गाडी लावायला जागा मिळत नाही. दिवाळीच्या सुट्टीत जायचे तर डोंगर वगळून राजधानी, गुहा आणि किनारा एवढाच बेत करावा, कारण ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास मागे जातात आणि पाचच्या सुमारास अंधारून येते. ज्यांना शाळेचे बंधन नाही त्यांनी सप्टेंबर धरावा. गणपतींचे विसर्जन उरकून निघालात तरी हवा छान मिळते.

व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून एकच चालणारा, लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. पण निर्णयाला नियमाप्रमाणे पंधरा दिवस लागू शकतात आणि शंका निघाली तर ही मुदत 45 दिवसांपर्यंत वाढते. म्हणून मेच्या प्रवासासाठी फेब्रुवारीतच भेटीची वेळ घ्यावी. शुल्क प्रौढांना 90 युरो, सहा ते बारा वर्षांच्या आतल्या मुलांना 45, सहाच्या आतल्यांना काही नाही. व्हिसा अर्ज केंद्राचे सेवाशुल्क वेगळे. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला, परतीनंतर किमान तीन महिने चालणारा आणि दोन कोरी पाने असलेला हवा. वैद्यकीय विमा किमान 30,000 युरोंचा, सगळ्या शेंगेन देशांत लागू होणारा आणि प्रवासाचे सर्व दिवस धरणारा हवा. राफ्टिंग किंवा डोंगरचढाई करणार असाल तर ती त्या विम्यात बसते का, हे आधीच वाचा. अनेक स्वस्त विम्यांत बसत नाही.

अर्ज कुणाकडे करायचा, यात सर्वांत जास्त चूक होते. ज्या देशात सर्वाधिक रात्री, त्या देशाकडे अर्ज. रात्री सारख्या असतील तर जिथे पहिला प्रवेश त्या देशाकडे. म्हणजे उतरलात व्हेनिसला, तिथे दोन रात्री आणि स्लोव्हेनियात आठ, तर अर्ज स्लोव्हेनियाकडेच जाणार. दुसऱ्या देशाची तारीख लवकर मिळते म्हणून तिथे अर्ज टाकणे आणि कागदावर खोट्या रात्री दाखवणे, हा सल्ला कुणी दिला तर ऐकू नये. हॉटेलला फोन करून खातरजमा होऊ शकते, आणि सीमेवर अधिकारी बुकिंग मागू शकतो.

कागदांत एकवाक्यता हवी. हॉटेलच्या तारखा, विमानाचे आरक्षण, रजेचे पत्र आणि दिवसवार आराखडा यांत एका रात्रीचीही फट नसावी. रात्रीच्या विमानाने निघून दुसऱ्या दिवशी पोहोचत असाल तर ती फट हमखास राहते: हॉटेल एक दिवस उशिराचे आणि विमा एक दिवस कमी. बँकेच्या खात्यात अर्जाच्या आदल्या आठवड्यात एकदम मोठी रक्कम आली की प्रश्न निघतो. ठेव मोडली असेल तर तिची पावती सोबत जोडावी. लग्नानंतर नाव बदललेल्या महिलांनी पासपोर्ट, पॅन आणि बँक खाते यांवरचे नाव जुळते का पाहावे. जुळत नसेल तर विवाह नोंदणीचा दाखला लावावा.

भारतातून ल्युब्लियानाला थेट विमान नाही. इस्तंबूल किंवा फ्रँकफर्टमार्गे जाता येते, नाहीतर झाग्रेब (सुमारे 140 किलोमीटर), व्हेनिस (240) किंवा व्हिएन्ना (380) गाठून पुढे बस-रेल्वे. फ्रँकफर्टमार्गे गेलात तर शेंगेनची प्रवेश-तपासणी तिथेच होते, ल्युब्लियानाला नाही. 12 ऑक्टोबर 2025 पासून टप्प्याटप्प्याने सुरू झालेल्या नव्या नोंदणी पद्धतीत पहिल्या प्रवेशाला चेहऱ्याचा फोटो घेतात, त्यामुळे रांगा लांबतात. दोन विमानांत दीड तासाचे अंतर तिकिटाच्या संकेतस्थळावर चालते, प्रत्यक्षात धोक्याचे आहे. तीन तास ठेवावेत. शेजारच्या देशांच्या सीमांवरही अधूनमधून तपासणी असते, म्हणून पासपोर्ट खोलीत ठेवून एका दिवसाच्या फेरीला निघू नये.

आता रात्रींची वाटणी. ल्युब्लियानाला तीन, बोहिन्यला तीन, सोचा नदीच्या खोऱ्यात बोवेत्स किंवा कोबारिदला एक आणि समुद्रकिनाऱ्यावरच्या पिरानला शेवटची एक. ब्लेडला मुक्काम सुचवलेला नाही, हे मुद्दाम. ब्लेडचा तलाव दोन किलोमीटरच्या थोडा वर लांब, काठाकाठाने सहा किलोमीटरची रपेट. सकाळी आठला पोहोचलात तर एका दिवसात सगळे निवांत होते. बेटावर नेणारी ‘प्लेतना’ ही सपाट बुडाची लाकडी होडी, वर रंगीत छत, मागे उभा राहून दोन वल्ही मारणारा नावाडी. तो आधी माणसांची वजने नजरेने जोखतो आणि दोन्ही बाजूंना सारखी बसवतो. एकत्र बसायचा हट्ट धरू नये आणि वाटेत फोटोसाठी उठू नये, होडी कलते. बेटावर उतरले की समोरच चर्चच्या 99 पायऱ्या. गुडघे दुखणाऱ्यांनी नावेआधीच हा विचार करावा. परतीला त्याच होडीने यायचे असते आणि बेटावर वेळ साधारण चाळीस मिनिटे मिळतो.

बोहिन्यचा तलाव ब्लेडपासून बसने चाळीस-पंचेचाळीस मिनिटांवर, त्रिग्लाव राष्ट्रीय उद्यानात. तो ब्लेडपेक्षा मोठा, काठावर हॉटेलांची रांग नाही, संध्याकाळी पाण्यावर डोंगराची सावली उतरते तेव्हा आवाज फक्त वल्ह्याचा. इथून व्होगेल डोंगरावरच्या पाळण्याने (रोपवेने) 1,535 मीटरवर जाता येते. ढग असतील तर वर काहीच दिसत नाही, म्हणून सकाळी वरचा कॅमेरा ऑनलाइन पाहूनच तिकीट काढावे. तीन रात्री सुचवण्याचे कारण हेच: आल्प्सच्या या बाजूला पाऊस फार, एक दिवस त्यात गेला तरी दोन हाती राहतात.

गुहांबद्दल थोडे जास्त लिहितो, कारण आपले त्यांच्याशी शाळेपासून नाते आहे. भूगोलाच्या पुस्तकातली ‘कार्स्ट भूरूपे’ आठवत असतील. तो शब्द याच देशातल्या क्रास पठारावरून आला. पाऊस हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होतो, चुनखडी विरघळवत खाली जातो, नद्या जमिनीत गडप होतात आणि मैलोनमैल अंतरावर पुन्हा वर येतात. त्सेर्कनित्साचा तलाव तर पावसाळ्यात भरतो आणि कोरड्या महिन्यांत तळाच्या भोकांतून नाहीसा होतो. मग तिथे गवत कापतात. पोस्तोयनाची गुहा पाहावी की श्कोत्स्यानची, हा प्रश्न सर्वांना पडतो. पोस्तोयनाला आत छोटी आगगाडी आहे, ती 1872 पासून. दीड तासाच्या फेरीत चालणे साधारण दीड किलोमीटर, तेही बांधलेल्या वाटेवर. आजी-आजोबा आणि लहान मुले सोबत असतील तर हीच. श्कोत्स्यान 1986 पासून युनेस्कोच्या यादीत आहे. तिथे गाडी नाही, पाचशेच्या आसपास पायऱ्या, आणि भूमिगत दरीवरचा पूल नदीपासून सुमारे 45 मीटर उंच. पुलावर उभे राहिले की खाली पाणी दिसत नाही, फक्त त्याचा घोष वर येतो आणि वाटेवरचे दिवे डोंगराच्या पोटात ठिपक्यांसारखे दूर जात राहतात. पाय चांगले असतील त्यांनी पोस्तोयना सोडून इथे यावे. गुहांत बारा महिने 10-12 अंश तापमान असते. बाहेर 30 असले तरी स्वेटर आणि न घसरणारे बूट हवेत. पोस्तोयनाचे तिकीट ठरावीक वेळेचे असते, उन्हाळ्यात ते आधीच काढावे. श्कोत्स्यानला रेल्वेने जायचे तर ‘दिवाचा’ नावाच्या स्थानकावर उतरून तीन किलोमीटर.

बोहिन्यहून सोचाकडे जाणारा सर्वांत देखणा रस्ता व्हर्शिच घाटाचा, 1,611 मीटर उंचीचा, पन्नास वळणांचा. उत्तरेला क्रान्यस्का गोरा गावाच्या बाजूला चोवीस, दक्षिणेला त्रेंताच्या बाजूला सव्वीस. प्रत्येक वळणावर क्रमांक आणि उंचीची पाटी आहे. उत्तरेच्या वळणांवर दगडी फरसबंदी आहे, पावसात तिथे चाक घसरते. पहिल्या महायुद्धात रशियन युद्धकैद्यांकडून हा रस्ता करून घेतला गेला. 1916 मध्ये कोसळलेल्या हिमकड्याखाली गाडल्या गेलेल्यांच्या स्मरणार्थ कैद्यांनी बांधलेले छोटे लाकडी चर्च वाटेत लागते, तिथे थांबावे. उतरताना ब्रेकवर पाय दाबून राहू नये, दुसरा गिअर ठेवावा. ज्यांना घाटात मळमळते त्यांनी गोळी निघण्याआधी अर्धा तास घ्यावी. खाली सोचाचे पाचूसारखे हिरवे पाणी भर उन्हाळ्यातही हाडे गोठवते. मुलांना एकदम उतरू देऊ नये.

गाडी भाड्याने घ्यायची असेल तर निघण्यापूर्वी आरटीओमधून आंतरराष्ट्रीय परवाना काढा, तो एक वर्ष चालतो. सोबत मूळ परवानाही लागतो. वाहतूक उजवीकडून आहे आणि दिवसाही दिवे लावणे सक्तीचे. महामार्गासाठी नंबरप्लेटवर नोंदलेला ई-विन्येता, म्हणजे इलेक्ट्रॉनिक टोल-पास, लागतो. स्लोव्हेनियातच घेतलेल्या गाडीला तो बहुधा असतो, इटली किंवा ऑस्ट्रियातून आणलेल्या गाडीला आपण घ्यावा लागतो. नसेल तर दंड 300 युरोंपासून. बहुतेक गाड्या हाताच्या गिअरच्या असतात, ऑटोमॅटिक हवी तर आधी सांगा. एका देशात घेऊन दुसऱ्यात सोडली तर भाडे जबर वाढते.

गाडीशिवायही निभावते. ल्युब्लियाना-ब्लेड-बोहिन्य बस नियमित आहे. रेल्वेने मात्र लेस्त्से-ब्लेड हे स्थानक तलावापासून चार किलोमीटर दूर, तेव्हा सामान असेल तर बसच बरी. व्हर्शिचवरची बस फक्त उन्हाळी हंगामात असते.

शाकाहारींना उपाशी राहावे लागत नाही, पण विचारून खावे. ‘श्त्रुक्ली’ म्हणजे पनीरसारखे सारण भरून उकडलेल्या गुंडाळ्या. अंडे चालत नसेल तर पिठात आहे का विचारा. ‘आयदोवी झ्गांत्सी’ कुट्टूच्या पिठाची उकड, पण वर डुकराच्या चरबीचे तुकडे टाकून देतात. ‘योता’ हे कोबी-घेवड्याचे सूप वाचायला निर्धोक वाटते, त्यात बहुतेकदा मांस असते. इद्रिया गावच्या बटाट्याच्या ‘झ्लिक्रोफी’तही सारणात चरबी असते. ‘ब्रेझ मेसा’ म्हणजे मांसाशिवाय, ‘ब्रेझ याय्त्स’ म्हणजे अंड्याशिवाय, ‘ब्रेझ स्लानिने’ म्हणजे बेकनशिवाय. हे तीन शब्द चिठ्ठीवर लिहून ठेवावेत. नळाचे पाणी बिनदिक्कत प्यावे.

शेवटची सूचना किराण्याची. तिथे रविवारी आणि सार्वजनिक सुट्ट्यांना मोठी दुकाने कायद्याने बंद असतात. 25 जून आणि 15 ऑगस्ट हेही सुट्टीचे दिवस. पेट्रोल पंपावरचे आणि स्थानकावरचे छोटे दुकान उघडे मिळते, पण तिथे भाजी नसते. स्वयंपाकघर असलेली खोली घेतली असेल तर दूध, ब्रेड, भाजी शनिवारी संध्याकाळीच भरून ठेवावी.

आपला,
एक नियमित वाचक, ठाणे